ऑफिसातल्या गिट रिपॉझिटरीला बाहेरून सुरक्षितपणे कसं जोडायचं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. फॅट, एसएनएफ, दरपत्रक, दहा दिवसांची बिलं, पशुखाद्याची कपात वगैरे. सगळा कोड इस्लामपूरच्या ऑफिसात एका उबंटू (लिनक्स) मशीनवर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आतापर्यंत सगळे ऑफिसातच बसायचे, त्यामुळे प्रश्न आला नाही. आता एक जण पुण्याला गेलाय, एक बायकोच्या नोकरीमुळे जर्मनीत. सध्या ते दोघं स्क्रीन शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ऑफिसच्या पीसीवर येतात आणि तिथूनच कमिट करतात (बदल नोंदवतात). एक जण आत असला की दुसरा ताटकळत बसतो. सर्व्हरवर लॉगिन सगळ्यांचं एकच, पासवर्डही एकच, आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे (हसू नका).

राऊटरवर २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचा (दूरच्या मशीनवर बंदिस्त वाटेने लॉगिन करण्याचा), उघडून दिला तर काम होईल का? मालकांचा हट्ट आहे की कोड ऑफिसबाहेरच्या कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर जाता कामा नये. खर्चही बेताचाच हवा.

तिसरी_घंटा

हसलो.

लॉगबुक

वारणाकाठ, पोर्ट उघडला तर काम होईल, पण फक्त तुमचंच नाही, सगळ्या जगाचं होईल. २२ उघडल्यावर काही वेळातच बाहेरून पासवर्डचे अंदाज सुरू होतात. यात कुणाचा तुमच्यावर राग नसतो. बॉट सगळा पत्ताविस्तार चाळत असतात आणि रूट, अ‍ॅडमिन, गिट, टेस्ट, उबंटू अशी नावं एकामागून एक टाकून बघतात. ऑथ लॉग उघडून बसा, करमणूक होईल.

म्हणून आधी घर आवरा, मग दार उघडा.

पहिलं काम म्हणजे प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर स्वतःची एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाईलींची जोडी) बनवायची. प्रकार ईडी२५५१९, आणि कीला पासफ्रेज हवाच. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर की उघडून हाताशी ठेवणारा एसएसएच एजंट आहेच. प्रत्येकाने फक्त पब्लिक की पाठवायची, पब शेवट असलेली फाईल. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी बिघडत नाही. दुसरी फाईल, म्हणजे खाजगी की, लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नये, मालकांनी मागितली तरी नाही.

त्या पब्लिक की सर्व्हरवर ऑथराइज्ड कीजच्या फाईलमध्ये घातल्या आणि प्रत्येकाचं लॉगिन होतंय याची खात्री झाली की एसएसएचडीच्या (एसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो' करा. कीबोर्ड इंटरॅक्टिव्ह असतं तेही 'नो', नाहीतर पासवर्ड मागच्या दाराने परत येतो. रूटचं लॉगिन बंद. सर्व्हिस रीस्टार्ट करताना एक जुनं सेशन उघडं ठेवा, म्हणजे काही चुकलं तर दुरुस्त करायला आत कुणीतरी असेल. एवढं झालं की मग बाहेरच्या वाटेबद्दल बोलू.

खटपट्या

फोल्डरच्या परवानग्याही बघा. डॉट एसएसएचला ७०० आणि ऑथराइज्ड कीजला ६०० असावं. त्या सैल असतील तर सर्व्हर ती फाईल गुपचूप दुर्लक्षितो आणि की बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' येत राहतं. माणूस मग नव्या नव्या की बनवत बसतो. होम फोल्डरला ग्रुपची लिहिण्याची परवानगी असली तरी हेच होतं, आणि ते तर कुणाला सुचतही नाही.

मिलपिटासकर

एवढा खटाटोप कशाला? गिटहबवर खाजगी रिपॉझिटरी २०१९ पासून फुकट आहेत, आणि २०२० पासून तर किती सहकारी घ्यायचे यालाही मर्यादा नाही. तिथे २४ तास लक्ष ठेवणारे लोक आहेत. इस्लामपूरच्या ऑफिसात लाईट गेल्यावर कोण बघणार? मालकांची समजूत काढा. कोड पाच लॅपटॉपवर क्लोन झाला (त्याची पूर्ण नक्कल गेली) म्हणजे तो ऑफिसबाहेर गेलाच की.

शेंगदाणा_लाडू

मिलपिटासकर +१. लॅपटॉप एसटीत विसरला की कोड कोल्हापूर डेपोत.

लॉगबुक

मिलपिटासकर, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण विचारलंय काय आणि सांगताय काय? मालकांचा धंदा आहे, अट त्यांची. आणि स्वतःचा गिट सर्व्हर चालवणं काही अवघड प्रकरण नाही. गिटला सर्व्हर असा वेगळा लागतच नाही. एसएसएच आणि एक बेअर रिपॉझिटरी (नुसता इतिहास, कामाच्या फाईली नाहीत), संपलं.

आजोबा_युनिक्स

तुम्हा पोरांचं नशीब चांगलं. आम्ही गिटच्या आधीचं सीव्हीएस वापरायचो. त्याचा पीसर्व्हर २४०१ पोर्टवर बसायचा आणि पासवर्ड 'लपवून' पाठवायचा. लपवणं म्हणजे अक्षरांची ठरलेली अदलाबदल, कुणीही उलटी करून वाचावी. तोच पासवर्ड होम फोल्डरमध्ये डॉट सीव्हीएसपास नावाच्या फाईलमध्येही पडलेला असायचा. शहाणी मंडळी सीव्हीएस एसएसएचमधून चालवायची.

एसएसएचचा जन्मच अशा प्रकारातून झाला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकणारा प्रोग्रॅम बसवला होता. तिथल्या टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. २१ वर एफटीपी होतं, २३ वर टेलनेट, मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. आज आपण सगळे वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी काढलं.

सीव्हीएसच्या जागी सबव्हर्जन आल्यावर एक छान युक्ती होती. ऑथराइज्ड कीजच्या ओळीत कीच्या आधी 'कमांड' लिहायची, म्हणजे त्या कीने आलेल्या माणसाला शेल (हव्या त्या कमांड चालवायची जागा) मिळतच नाही, फक्त एसव्हीएनसर्व्ह हा सबव्हर्जनचा सर्व्हर चालतो, आणि टनेल-यूजर म्हणून त्याचं नाव लागतं. सिस्टीमवर यूजर एक, कमिटवर नावं मात्र ज्याची त्याची. गिटवाल्यांनीही पुढे हेच उचललं.

सुपर्णा_देशावर

आजोबा, काय सुंदर सांगितलंत. वाचनखूण साठवली.

वारणाकाठ, आजोबांचं शेवटचं वाक्य तुमच्यासाठी फार कामाचं आहे. आता गिटोलाइट बघा. सीताराम चमर्ती या भारतीय माणसाने लिहिलंय. सर्व्हरवर 'गिट' नावाचा एकच यूजर. कोणाला काय करता येईल हे सगळं 'गिटोलाइट-अ‍ॅडमिन' नावाच्या एका रिपॉझिटरीत असतं. त्यात कीडिर फोल्डरमध्ये प्रत्येकाची पब्लिक की त्याच्या नावाने ठेवायची, आणि कॉन्फ फाईलमध्ये कुठल्या रिपॉझिटरीवर कोणाला आर, कोणाला आरडब्ल्यू, कोणाला आरडब्ल्यू-प्लस ते लिहायचं. आर म्हणजे नुसतं वाचणं, आरडब्ल्यू म्हणजे लिहिणंही. प्लसवाल्याला फोर्स पुश (सर्व्हरवरचा जुना इतिहास पुसून बदल पाठवणं) करता येतं, म्हणून ते फार थोड्यांना द्या. बदल केला, पुश केलं, लागू झालं. कोणी कधी कोणाला परवानगी दिली याचा इतिहासही गिटमध्येच राहतो.

खरा फायदा माणूस सोडून गेल्यावर कळतो. त्याची पब फाईल काढायची, पुश करायचं, की तो बाहेर. सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल तर काय करणार? वाड्याची एकच किल्ली पाच भाडेकरूंना दिल्यासारखं आहे ते. एक गेला की कुलूपच बदला. आणि खरं सांगा, गेल्या वेळी कोणी सोडून गेलं तेव्हा बदलला होता पासवर्ड?

वारणाकाठ

नव्हता. तो माणूस अजून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही आहे. दिवाळीला शुभेच्छा पाठवतो.

तिसरी_घंटा

पुढच्या दिवाळीला तोच कमिट करून पाठवेल.

खटपट्या

पाच माणसांना गिटोलाइट जड वाटत असेल तर नुसतं गिट-शेलही चालेल. 'गिट' यूजरचं लॉगिन शेल तेच करायचं, म्हणजे पुश-पुल होतं, बाकी शेल मिळत नाही. पण मग सगळ्या रिपॉझिटरी सगळ्यांना दिसतात. वेबवर बघायला हवं असेल तर फोर्जेओ आहे, तेही स्वतःच्या मशीनवर चालतं.

एक मात्र करू नका. प्रत्येकाला सर्व्हरवर वेगळा युनिक्स यूजर आणि एक सामायिक ग्रुप, हा जुना प्रकार. रिपॉझिटरी बनवताना इनिट कमांडला शेअर्ड-ग्रुप द्यायचं विसरलं की दुसऱ्याच्या पुशला ऑब्जेक्ट्सच्या फोल्डरमध्ये लिहिताच येत नाही. तिथून निसटलात तर २०२२ पासून गिट 'संदिग्ध मालकी' म्हणून अडवतं ते वेगळंच. एकच 'गिट' यूजर ठेवला की दोन्ही भानगडी नाहीत.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. की बनवल्या, पासवर्ड बंद केला. राऊटरवर पोर्ट फॉरवर्डही करून बघितला, पण बाहेरून काही लागत नाही. इंटरनेटवाल्याला फोन केला तर म्हणतो 'राऊटर बंद करून चालू करा'.

सुपर्णा_देशावर

राऊटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो? १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच खरा आयपी कंपनीने तुमच्यासारख्या अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. तुमच्या राऊटरवर कितीही पोर्ट उघडा, पलीकडचा राऊटर तुमचा नाही.

वारणाकाठ

१००.७x असा काहीतरी आहे. म्हणजे गेलंच का?

शेंगदाणा_लाडू

गेलं नाही, उलट वाचलात. पासवर्ड चालू असताना पोर्ट उघडा पडला नाही हे नशीब. महिन्याला थोडे पैसे भरून स्टॅटिक आयपी मागता येतो. काहींना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतं, पण मग दोन्ही टोकांना ते हवं.

लॉगबुक

स्टॅटिक आयपीपेक्षा मला दुसरी वाट बरी वाटते. भाड्याचा एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचं आभासी मशीन) घ्या, सर्वात स्वस्त असेल तो. त्यावर कोड ठेवायचा नाही, म्हणजे मालकांची अट मोडत नाही. तो फक्त चौकातला माणूस. ऑफिसच्या मशीनने आतून बाहेर जाऊन त्याला जोडून राहायचं. सीजीनॅट आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही.

जोडण्याचे दोन प्रकार. एक एसएसएचचा उलटा टनेल. ऑफिसचं मशीन व्हीपीएसला एसएसएच करतं आणि तिथला एखादा पोर्ट स्वतःकडे ओढून घेतं. लाइन तुटली की परत जोडायला ऑटोएसएसएच लागतं. मूळ सेटिंगमध्ये तो पोर्ट व्हीपीएसच्या आतूनच दिसतो, जगाला नाही, आणि ते तसंच राहू द्या. बाहेरच्यांनी प्रॉक्सीजंप वापरून व्हीपीएसमधून उडी मारायची. यात एसएसएच तुमच्या लॅपटॉपपासून थेट इस्लामपूरपर्यंत बंदिस्त असतं, मधल्याला आतलं दिसत नाही. एजंट फॉरवर्डिंग मात्र चालू करू नका. व्हीपीएस कुणाच्या हाती गेला तर तुमचा एजंट त्यालाही वापरता येईल.

दुसरा वायरगार्ड, म्हणजे एक व्हीपीएन (मशीनांमधलं खाजगी जाळं). २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्येच आला. प्रत्येक मशीनला एक जोडी की, आणि कोणाला कुठला आतला आयपी ते दोन-चार ओळींत लिहायचं. ओळख नसलेल्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर सीजीनॅट थोड्या वेळाने जोडणी विसरतो.

पाच माणसं आणि रोजचं काम, म्हणजे मी तरी वायरगार्ड घेईन. त्याच्या आत एसएसएच, आणि त्याच्या आत गिट.

मिलपिटासकर

म्हणजे शेवटी व्हीपीएसवाली कंपनी आलीच ना मध्ये? मग गिटहबने काय घोडं मारलं होतं?

लॉगबुक

गिटहबवर कोड उघडा असतो, म्हणजे त्यांच्या यंत्रणेला वाचता येईल असा. व्हीपीएसवरून एसएसएचची बंद पाकिटं जातात. फरक आहे. पण तो फरक महिन्याच्या भाड्याइतका आणि देखभालीइतका मोलाचा आहे का, हे मालकांनी ठरवायचं. तुमचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मी कुठे म्हटलं?

मिलपिटासकर

चला, एवढं तरी मान्य झालं. :)

पोर्टबदलू

मी तर २२ च्या जागी भलताच पाच आकडी पोर्ट ठेवतो. हल्ले बंद.

खटपट्या

हल्ले बंद नाही, लॉगमधली वर्दळ बंद. मनापासून शोधणाऱ्याला सगळे पोर्ट चाळायला किती वेळ लागतो? लॉग वाचायला सोपा होतो म्हणून बदलायचा तर बदला, पासवर्ड चालू ठेवायचं निमित्त म्हणून नको.

आजोबा_युनिक्स

रच्याकने, २०२४ च्या मार्चमधला एक्सझेडचा प्रकार आठवतो का? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. खोदत गेला आणि एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत कुणीतरी पद्धतशीरपणे पेरलेलं चोरदार सापडलं. अर्ध्या सेकंदावरून!

शेंगदाणा_लाडू

आमच्याकडे अर्धा मिनिट लागला तरी आम्ही लाइनमनला फोन करतो.

सुपर्णा_देशावर

सगळे अवांतर चाललेत, तर मीही एक सांगून घेते, फार जण ज्यावर टिचकी मारून पुढे जातात ते.

पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरच्या कीचा ठसा दाखवून विचारतं, खात्री आहे का? आणि लोक डोळे मिटून 'येस' टाइप करतात. आपण सर्व्हरला की दाखवून ओळख पटवतो, पण सर्व्हरने आपल्याला ओळख पटवायची ही एवढीच जागा आहे. इथे चुकीच्या मशीनला 'येस' म्हटलं तर तुमच्या पुशमधला कोड सरळ त्याच्याकडे जातो.

करायचं असं. ऑफिसात सर्व्हरच्या कीबोर्डवर बसून एसएसएच-कीजेनला एल आणि एफ हे पर्याय द्या, पुढे होस्ट कीच्या पब फाईलचा पत्ता. एक ओळ येईल, तिच्यात एसएचए२५६ ने सुरू होणारा ठसा असतो. ती फोनवर वाचून दाखवा किंवा छापून पाठवा. जर्मनीतल्या माणसाने 'येस' न लिहिता तो ठसाच त्या प्रश्नापुढे चिकटवायचा. ओपनएसएसएच ८.० पासून ते चालतं, आणि अक्षर जुळलं नाही तर एसएसएच पुढे जात नाही.

मग एखाद्या दिवशी 'होस्टची ओळख बदलली आहे' अशी मोठ्या अक्षरांतली धमकी आली, तर नोन होस्ट्समधली ओळ उडवून मोकळं व्हायचं नाही. आधी ऑफिसात विचारायचं, मशीन नवीन टाकलं का? २४ मार्च २०२३ ला गिटहबने स्वतःची आरएसए होस्ट की बदलली, कारण तिची खाजगी बाजू थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. त्या दिवशी जगभर ही धमकी दिसली. खरं कारण होतं म्हणून बरं, पण किती जणांनी कारण वाचून मग ओळ काढली असेल?

तिसरी_घंटा

ताई, मी 'येस' एवढ्या वेगाने टाइप करतो की ठसा अजून स्क्रीनवर यायचाच असतो.

वारणाकाठ

सुपर्णाताई, हे माहीतच नव्हतं. आता एक विचारतो, जरा लाज वाटतेय. रिपॉझिटरीत टेस्टिंगसाठी एक डेटाबेस डंप (डेटाची पूर्ण नक्कल) आहे. त्यात एका संस्थेच्या सभासदांची नावं आणि बँक खाते नंबर खरे आहेत. ते असू द्यावं का?

लॉगबुक

हे धाग्यात सगळ्यात आधी यायला हवं होतं. कोडपेक्षा ते मोलाचं आहे, आणि ते शेतकऱ्यांचं आहे, तुमचं नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा वाचून घ्या.

नुसती फाईल काढून कमिट केलं तर ती इतिहासात राहतेच. गिट फिल्टर-रेपोने सगळ्या इतिहासातून काढा. त्याने सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतील, म्हणून आधी सगळ्यांचं काम पुश करून घ्या, मग सगळ्यांनी जुने क्लोन टाकून नव्याने क्लोन करायचं. एकाने जरी जुन्या क्लोनवरून पुश केलं तर डंप परत आत. हे बाहेरची वाट उघडायच्या आधी करा. टेस्टिंगला खोटी नावं आणि खोटे नंबर बनवा.

खटपट्या

आणि बॅकअप. 'पाच क्लोन आहेत म्हणजे पाच बॅकअप' असं कुणी म्हणेल त्याला सांगा की क्लोनमध्ये हुक (पुशसारख्या घटनेवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) येत नाहीत, सर्व्हरचं कॉन्फिग येत नाही, आणि कुणी न ओढलेल्या ब्रँचही येत नाहीत. रोज रात्री मिरर क्लोन दुसऱ्या डिस्कवर घ्या, हुक आणि कॉन्फिग वेगळे कॉपी करा. बायॉसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय चालू करा, नाहीतर रविवारी लाईट जाऊन आली की जर्मनीवाला सोमवारी सकाळी कुणी मशीन चालू करायची वाट बघत बसेल. आणि त्यांची सकाळ आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागे, म्हणजे तो वाट बघतोय हेही तुम्हाला जेवायच्या वेळी कळणार.

वारणाकाठ

ठरलं ते सांगतो. डंप इतिहासातून काढला, सगळ्यांनी नवे क्लोन घेतले. गिटोलाइट बसवलं. आरडब्ल्यू-प्लस फक्त मला आणि एका ज्येष्ठाला. सोडून गेलेल्याची की कधी घातलीच नाही, त्यामुळे काढायचा प्रश्न नाही. ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधला पासवर्डही उडवला. व्हीपीएस घेऊन वायरगार्ड चालू आहे, मालकांना 'कोड इथेच आहे' हे डबा दाखवून पटवलं. जर्मनीतून पुश झालं, एकदम झकास.

एकच अडचण. पुण्यातला मित्र दिवसा दुसऱ्या कंपनीत कन्सल्टिंगला जातो, तिथल्या नेटवर्कवरून वायरगार्ड लागत नाही. घरून लागतं.

सुपर्णा_देशावर

वायरगार्ड यूडीपीवर चालतो आणि बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं यूडीपी अडवतात. व्हीपीएसवर एसएसएच ४४३ वरही ऐकायला लावून प्रॉक्सीजंपने आत येता येईल. पण काही फायरवॉल ४४३ वरचं बोलणं आत डोकावून बघतात आणि तेही तोडतात.

लॉगबुक

त्याहून आधीचा प्रश्न, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर बसून त्यांच्या वेळेत तुमचं काम करायला त्यांची परवानगी आहे का? नसेल तर ४४३ ची युक्ती करू नका. मोबाईलचा हॉटस्पॉट, स्वतःचा लॅपटॉप, आणि जेवणाच्या सुट्टीत पुश.

वारणाकाठ

परवानगी नाही. त्याला सांगितलं, हॉटस्पॉटवर आला. आत्ताच पहिलं पुश आलं, कमिटचा संदेश आहे 'फॅटचा दर राउंड करताना पैसा खाल्ला जात होता तो थांबवला'.